शेवटची सोळा पानं

वच्छलाबाईंची कादंबरी पुन्हा छापायची ठरली आणि कळलं, वाचनालयातल्या एकुलत्या प्रतीला शेवटची सोळा पानं नाहीत. नवी बांधणी करताना बाइंडरने शेवटचा फर्मा, म्हणजे त्या सोळा पानांचा जुडगा, शिवलाच नव्हता. मी कॉलेजात असताना वाचली, तेव्हा ती पुरी होती. तिची नायिका राधिका तान्ह्या पोरीला घेऊन सासर सोडते, परगावी शाळेत नोकरी धरते, परत येत नाही. एवढं आठवत होतं. वाक्यं आठवत नव्हती.

बायकांनी लिहिलेल्या, विस्मरणात गेलेल्या कादंबऱ्या छापायला निघालेला सुनील म्हणाला, "लेखिका आहे ना अजून. तिलाच विचार."

म्हणून माझ्या सोनूला कडेवर घेऊन लोहाऱ्याला वच्छलाबाईंकडे गेले. मला मुकुटबनच्या शाळेत नोकरी मिळत होती. सोनूला घेऊन तिकडे जाणार, हे सासरी अजून बोलले नव्हते. राधिकेचा शेवट एकदा हातात आला, की बोलणार होते.

"घरी एक होतं पुस्तक," त्यांचा मुलगा घनश्याम हसत म्हणाला. "बाबानं कुलरच्या पायाखाली लावलं. फुगून पाव झाला त्याचा."

"तुले काय समजते त्यातलं," वच्छलाबाई म्हणाल्या. मग मला, "बस वो बाई. लेकराले खाली सोड."

सोडलं. कुलरची वायर कुठे जाते ते आधी पाहून घेतलं.

"आजी, शेवट सांगता? मी लिहून घेते."

त्यांनी डोळे मिटले. मग एकदम छापल्यासारखं बोलल्या, "दार उघडंच होतं. राधिका आत आली. चुलीपाशी तिची जागा कोणी घेतली नव्हती."

माझा पेन थांबला.

"आजी, ती परत येत नाही. मी वाचलंय."

"वाचलं असशीन."

घनश्यामकाका चहा सांगायला आत गेले. मी जवळ सरकले. "काका नाहीत इथे. खरं सांगा ना."

"त्याले कायले भेऊ मी? थो शेवट लिवला तवा लगीन नवं होतं. लेकरू नोतं." सोनू कुलरकडे रांगत होता. बोलता बोलता त्यांनी पाय आडवा घालून त्याला अडवलं. माझ्याआधी. "लेकरू काखेत घेऊन बाई कुठी जाते वो? तूच सांग."

मी सोनूला उचलून मांडीवर घेतलं. चुलीपाशीच्या जागेचं ते वाक्य चांगलं होतं. पहिल्या शेवटातलं एकही वाक्य मला आठवत नव्हतं. हे मात्र डोक्यातून जायला तयार नव्हतं.

"आता छापा खुशाल," काका चहा ठेवत म्हणाले. "आमचं काई म्हननं नाही."

"थांब रे, झालं नाही अजून," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मोकळा, जवळजवळ तरुण झाला होता. "घे लिहून. सासूनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त म्हणाली, कणीक भिजवायची आहे."

मी लिहिलं.

"पुढं," त्या म्हणाल्या.