मालाच्या वाढदिवसाची पायाभरणी

अंबाल्याच्या छावणीत मेजरसाहेबांच्या बंगल्यावर नाथाजीनं एक वाढदिवस पाहिला आणि तो पुरता खुळावला. साहेबांच्या मुलाला विलायतेहून एकात एक अडकणारे रंगीत ठोकळे आले होते, म्हणून मेमसाहेबांनी सगळा समारंभच ठोकळ्यांचा केला होता. केकसुद्धा ठोकळ्यासारखा. नाथाजी बंदोबस्ताला दारात उभा होता. तिथंच त्यानं ठरवलं, की रजेवर गेलं की आपल्या पोरीचा, मालाचा, पाचवा वाढदिवस असाच करायचा.

पलूसला आल्या आल्या त्यानं वजीर मिस्त्रीला गाठलं. वजीर त्याचा शाळेतला सोबती, हाताला कसबी. पण ठोकळा केवढा हे दाखवताना नाथाजीचे हात जरा जास्तच फाकले. आठवड्यानं वजीरनं बैलगाडी भरून माल आणला, तेव्हा एकेक लाकडी ठोकळा रॉकेलच्या डब्याएवढा निघाला. लाल, पिवळे, निळे. आतून पोकळ, वर खुंट्या, खाली भोकं. पोरीला ते उचलायचे कसे, हे दोघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

केकचं काम बायकोकडं, बनुबाईकडं आलं. तिला शिरा येत होता. मग शिऱ्यालाच ठोकळ्याचा आकार द्यायचा म्हणून नाथाजी गावातल्या गुंडा वीटवाल्याच्या भट्टीवरून विटा पाडायचा नवाकोरा साचा घेऊन आला.

"आवं, विटंच्या साच्यात शिरा कोण घालतं व्हय?" बनुबाई म्हणाली.

"मेमसाब असत्या तर त्यांनीबी घातला असता," नाथाजी म्हणाला. बनुबाईनं मेमसाहेबांना मनातल्या मनात काय म्हणायचं ते म्हणून घेतलं आणि साचा राखेनं घासायला बसली.

इकडं गुंडानं चहाच्या टपरीवर सांगून टाकलं, की नाथाजी साचा घेऊन गेला, म्हणजे विटा घरीच पाडणार. वजीरची गाडी तर सगळ्या गल्लीनं पाहिली होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की नाथाजी घर बांधतोय आणि रविवारी पायाभरणी आहे. पोरीचा वाढदिवस म्हणून बोलावणं गेलेल्यांनाही वाटलं, फौजी माणूस, दृष्ट लागू नये म्हणून असं सांगत असेल.

रविवारी नाथाजी अंगणात रंगीत पताका बांधत होता, तोच माणसं यायला लागली. कुणी हळदीकुंकू आणलं, कुणी आंब्याचा टहाळा. गुंडा भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा घेऊन आला. सासरे तात्याबा आटपाडीहून पहिल्या एसटीनं आले, खांद्यावर कुदळ आणि पिशवीत पाच नारळ. त्यांनी अंगणभर नजर फिरवली.

"जावईबापू, खड्डा कुटं हाय?"

नाथाजी पताका सोडून पुढं आला. मालाचा वाढदिवस आहे, ठोकळ्यांचा, असं तो चाचरत सांगायला लागला, आणि जो तो हातातल्या वस्तूकडं बघायला लागला. बनुबाईनं घाईघाईनं शिऱ्याची परात पुढं केली. त्यात चार पिवळ्याधमक विटा पाहून तर म्हातारे जास्तच गोंधळले. तात्याबांचा चेहरा उतरला. जावयानं घर काढलं म्हणून ते सगळ्या आटपाडीला सांगून आले होते.

तेवढ्यात मालानं त्यांचं धोतर ओढलं. "आजा, माजं घर बांद की. मला ठोकळं उचलत न्हाईत."

तात्याबांनी एकदा नातीकडं, एकदा ठोकळ्यांकडं पाहिलं. मग कुदळ भिंतीला टेकवून धोतराचा काचा मारला. पहिला ठोकळा त्यांनी ठेवला. दुसऱ्या थराचा ठोकळा गुंडानं ठेवला आणि वरचा सांधा खालच्या सांध्यावर येतोय म्हणून लगेच उचललाही. दार पूर्वेलाच पाहिजे यावरून दोन म्हातारे एकमेकांशी बोलेनासे झाले. चार थर चढल्यावर नाथाजीचा चुलतभाऊ ज्ञानू पुढं झाला. तो कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत नोकरीला होता आणि भूकंप आपण जवळून पाहिलाय, हे त्याला वरचेवर सांगायचं असायचं. भिंत हादरा सोसते का बघू म्हणून त्यानं खांदा लावला. भिंत त्याच्यासकट पलीकडं गेली. माला टाळ्या पिटत म्हणाली, "परत पाड."

ज्ञानूला बाजूला बसवून, कोपरे एकमेकांत गुंतवून, घर नव्यानं उठलं. वजीरनं फळीचं छप्पर टाकलं. तात्याबांनी उंबऱ्यावर पाचही नारळ फोडले, एकही परत न्यायचा नाही म्हणून. माला आत शिरली आणि बाहेर यायला तयार होईना. शेवटी बनुबाईनं खिडकीतून शिरा दिला.

टोप्या घालायच्या होत्या, फुगे फुगवायचे होते, हे नाथाजीच्या ध्यानातच राहिलं नाही. पोरीला वर्षातून दोनदाच बघणारा माणूस, तो गुडघे टेकून त्या बुटक्या दाराशी बसला आणि आत येऊ का म्हणून विचारू लागला. मालानं विचार केला आणि बूट काढायला सांगितलं. त्याचं डोकं आणि एक खांदा आत मावला, बाकीचा नाथाजी बाहेर राहिला.

संध्याकाळी एसटीत चढता चढता तात्याबांना कुणीतरी विचारलं, जावयाच्या घराचं काय झालं.

"झालं की," ते म्हणाले, "पर जावयाला आत घेत न्हाईत."