चाळीस मीटरचे वेटोळे

१४ ऑक्टोबर, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. ताऱ्याच्या ठोक्यांच्या एकूण नोंदी ३१२, पैकी शेवटच्या ४७ वेगळ्याच. सूनबाईने त्यांचा तक्ता वेधशाळेच्या घड्याळ-खोलीत सासऱ्यांपुढे ठेवला. निवृत्तीनंतरही अणुघड्याळाची देखभाल तेच करीत. सारे त्यांना ‘मिनिटकाका’ म्हणत.

“बाबा, आइन्स्टाईन चुकला! आपला स्पंदक तारा, म्हणजे पल्सार, साथीदार ताऱ्याभोवती फिरतो ना, ती कक्षा सिद्धांतापेक्षा जलद आखडतेय. दोन ऑगस्टपासून त्याचे रेडिओ-ठोके दोनशे नॅनोसेकंद लवकर येताहेत. चार वाजता शोधनिबंध पाठवतेय!”

“आणि उद्या खोटं ठरलं तर?”

“तीन वर्षं पाण्यात, अन् तोंड दाखवायला जागा नाही.”

“मग पडताळणीचा तो एकटा तारा बघ. त्याला ना साथीदार, ना कक्षा.”

तिने लॅपटॉप उघडला. चेहरा उतरला. “तोही दोनशेनंच लवकर. तोही दोन ऑगस्टपासून.”

“दोन तारे संगनमत करून आपल्याला फसवणार नाहीत. चोर घरातच आहे.”

बोलून गेले आणि काका स्वतःच चपापले. दोन ऑगस्टला घड्याळापासून नोंदयंत्रापर्यंतची केबल त्यांनीच बदलली होती. ‘असू द्यावी हाताशी’ या जन्माच्या सवयीने जास्तीची केबल न कापता कपाटामागे वेटोळे करून ठेवली होती. वहीत मात्र ‘केबल बदलली’ एवढेच. लांबी नाही! जगाला ‘लिहून ठेवा’ सांगणाऱ्याने! गप्प बसले असते, तर कपाटामागे कोण डोकावणार होते?

“चोर मीच गं,” ते म्हणाले आणि मोजपट्टी घेऊन वाकले. जास्तीची केबल ४०.६ मीटर भरली. घड्याळाच्या संकेताला केबलमधून मीटरमागे पाच नॅनोसेकंद लागतात, म्हणजे २०३ चा उशीर. नोंदयंत्राचे घड्याळ तेवढे मागे पडले, म्हणून ठोके लवकर भासले.

सूनबाई आधी कपाळाला हात लावून बसली, मग खदखदून हसू लागली. “घरी सुतळीचा तुकडा फेकू देत नाही तुम्ही, आणि इथे आइन्स्टाईनलाच गुंडाळलंत!”

“तुझा नवा शोध गेला की गं.”

“जाऊ दे, नाक तर वाचलं. लांबी लिहा आधी. लाल शाईनं!”

काकांनी लिहिली, खाली सहीही केली. सूनबाईने सत्तेचाळीस नोंदींत दुरुस्ती करून गणित पुन्हा मांडले. चार वाजता निबंध गेला, निष्कर्ष बदलून: आइन्स्टाईन बरोबर.

कक्षा आखडण्याचा वेग, निरीक्षण भागिले सिद्धांत : १.०००२; अनिश्चितता ०.०००४.