परशरामअण्णाचा कान

निपाणीत गाडी बिघडली की लोक आधी परशरामकडे येत आणि मग देवाकडे. त्याच्या गॅरेजात तपासणीचं मशीन नव्हतं असं नाही. होतं, पण कपाटात. परशराम बोनेट उघडायचा, इंजिन चालू ठेवायला सांगायचा आणि डोळे मिटून, मान उजवीकडे कलती करून उभा राहायचा. "तिसऱ्याचा प्लग," एवढंच म्हणायचा. उघडून बघितलं की तिसऱ्या सिलिंडरचाच प्लग खराब निघायचा. चौदा वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्या कानाच्या जिवावर त्याचं घर उभं होतं.

माणूस मूळचा काकतीचा. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत त्यानं अठरा वर्षं ओतीव माल ग्राइंडरवर घासला. संध्याकाळी शेजारच्या गॅरेजात इंजिनं शिकला आणि मग बायकोच्या गावी, निपाणीला येऊन स्वतःचं दुकान थाटलं. फाउंड्रीत कानात बोळे घालायचे असत, पण ते सगळे साहेब आला की घालत आणि साहेब गेला की काढत. बोळे घातले तर गप्पा कशा मारणार?

अलीकडे दोन वर्षं परशरामचं एक ठाम मत झालं होतं, की रातकिडे कमी झालेत. फवारण्या करून करून मारले बिचाऱ्यांना. एकदा जेवताना त्यानं हे रुक्माबाईला ऐकवलं, तर ती म्हणाली, "कुठं कमी झाल्यात? माझं कान किटल्यात की!" परशरामनं आणखी भाकरी मागितली आणि विषय तिथंच मिटवला. मिटवला म्हणजे मनात ठेवला. रात्री उताणं पडून तो कान देऊन ऐकत राहिला आणि त्याला काहीही ऐकू आलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी भुसार मालाचे व्यापारी जिनेंद्रशेठ आईला बसवून आपली गाडी घेऊन आले होते. इंजिनमागच्या पाइपातून पाणी गळत होतं. परशरामनं पाइप बदलला. तेव्हापासून शेठच्या आईनं, पद्मावतीआक्कांनी, एकच धोशा लावला होता. चढ लागला की गाडीत कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज येतो म्हणे. परशरामनं दोनदा गाडी जुन्या हायवेवरून फिरवून आणली आणि दोन्ही वेळा सांगितलं, "कायबी न्हाय, आक्का." अण्णाच्या कानानं नाही म्हटलं म्हणजे शेठच्या लेखी नाही. आईच्या कानाला बहात्तर वर्षं झाली होती.

पण आता प्रकरण निराळं होतं. उद्या पहाटे घरातली पाच माणसं याच गाडीनं श्रवणबेळगोळला निघायची होती. आक्का दुपारीच मुलाला घेऊन गॅरेजात हजर झाल्या. डिकीत जोंधळ्याची दोन पोती घालून आणली होती.

"पाच माणसांचं वजन झालं बघ," त्या म्हणाल्या. "आता तवंदीचा घाट चढव, परशराम. सपाटीला न्हाय बोलत माझी मोहरी."

नाही म्हणायला काही जागाच नव्हती. परशराम स्टिअरिंगवर बसला, शेठ शेजारी, आक्का त्याच्या पाठीमागे.

ती मोहरी खरी असली तर काय, हे त्याच्याएवढं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. सिलिंडरमधलं पेट्रोल ठिणगीनं पेटवलेल्या जाळाची वाट न बघता कोपऱ्यात आपणहून पेटतं आणि पिस्टनवर ठोके पडतात. एखाददुसऱ्या ठोक्यानं काही होत नाही. पण भरल्या गाडीला, चढाला, तासन्‌तास ते चालू राहिले तर पिस्टनला भोक पडतं आणि गाडी जिथं असेल तिथं बसते. मागून ट्रक येत असो की काही असो.

घाट सुरू झाला. परशरामनं मुद्दाम चौथा गिअर ठेवला आणि ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाला दम लागला. जड घरघर त्याला नीट ऐकू येत होती, टायरचा आवाज येत होता, पुढच्या ट्रकचा हॉर्न येत होता.

"आली," आक्का मागून म्हणाल्या.

परशरामनं काच खाली केली, मान उजवीकडे कलती केली. घरघर. टायर. वारा. बस्स.

"आता तर लईच तडतडाय लागलीया!"

शेठनं अंगठ्यानं डॅशबोर्डवर दोनदा टकटक केलं. "मलाबी कायतरी आल्यागत वाटतंय अण्णा. पण तुमी म्हणाल तसं. तुमाला येतोय का?"

परशरामनं आरशात आक्कांकडे बघितलं. होय म्हणावं तर आजवर दोनदा नाही का म्हटलं? नाही म्हणावं तर मागं बसलेली म्हातारी काय वेडी होती? त्यानं स्तवनिधीच्या फाट्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, उतरला, बोनेट उघडून आत वाकला आणि जे गेली कितीतरी वर्षं प्रत्येक मेकॅनिकच्या जिभेवर तयार असतं तेच बोलला.

"पेट्रोल हलकं हाय, शेठ."

"एवढंच व्हय!" शेठचा चेहरा खुलला. "मग झालं की. पहाटे दुसऱ्या पंपावर टाकी फुल करतो नि निघतो."

परशरामला वाटलं, थांबा म्हणावं. एवढ्याशा खोटेपणानं पाच माणसं पाचशे किलोमीटर निघाली होती आणि शेठ तर आता मोबाइल काढून घरी कळवायला लागले होते. आक्काही खाली उतरल्या होत्या आणि त्याच्या खांद्याशी येऊन, बोनेटच्या कडेला हात टेकून उभ्या होत्या. नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या.

"आई, ते घड्याळ बंद कर की," शेठ फोनवरून मान वळवून म्हणाले. "कवापासून वाजतंय."

आक्कांनी मनगटावरचं बटण दाबलं. सूर्य मावळल्यावर त्या अन्नाचा कण घेत नसत. जेवायची वेळ चुकू नये म्हणून निशानं, नातीनं, घड्याळात गजर लावून दिला होता. ते मनगट परशरामच्या कानापासून वीतभर अंतरावर होतं.

त्याला काही म्हणजे काहीच ऐकू आलं नव्हतं.

रातकिडे मेले नव्हते. फवारणीनं कुणाला काही केलं नव्हतं. त्यानं बोनेटचा काठ घट्ट धरला आणि आक्कांकडे बघितलं.

"पाइप टाकलास त्या दिवशीबी वाजलं हे," आक्का हळू आवाजात म्हणाल्या. "बोनेटवर काढून ठेवलं होतं, तुझ्या नाकाफुडं. समदी वळली, तू वळला न्हाईस."

"मग तवाच का न्हाय बोललासा?"

"चार गिऱ्हाइकं हुबी होती रं. माणसाचं नाव असं चारचौघांत घालवायचं असतंय व्हय?"

परशरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एक खरं, की त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरलंही. तो शेठकडे वळला.

"फोन ठेवा, शेठ. पेट्रोलाचं खोटं बोललो. मला त्यो आवाज ऐकूच येत न्हाय. बारीक आवाज कुठलाच येत न्हाय."

शेठनं फोन कानापासून काढला. "म्हंजे? दोनदा बघून सांगितलासा की न्हाय म्हणून!"

"ऐकू आलं न्हाय म्हणून न्हाय म्हटलं."

शेठचा चेहरा लालबुंद झाला. काही बोलणार, तेवढ्यात आक्कांनी हातानंच त्यांना गप्प केलं. "भांडण घरला गेल्यावर. परशराम, आता काय करायचं ते सांग."

परशरामनं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "तुमी माझ्या मागं बसा. मोहरी तडतडली की माझ्या खांद्यावर थापटा. थांबली की थापटायचं थांबा. बाकी मी बघतो."

गाडी खाली नेऊन घाट पुन्हा चढायला घेतला. चौथ्या गिअरला उजव्या खांद्यावर थापा सुरू झाल्या, भरभर. त्यानं तिसरा टाकला; थापा विरळ झाल्या, पण थांबल्या नाहीत. पाय ढिला केला, थांबल्या. जरा दाबला, की लगेच आल्या. त्या सुरकुतलेल्या हातानं तो इंजिन वाचत गेला. चांगली गाडी असली आणि चढाला दम लागला तर एखादी थाप पडेल, मग गाडी आपली आपण सावरेल. ही सावरतच नव्हती. का सावरत नव्हती? सावरायचं काम कुणाचं असतं?

आणि त्याला आठवलं.

इंजिनाच्या अंगाला एक छोटा सेन्सर बोल्टनं आवळलेला असतो. ठोके पडायला लागले की तो ओळखतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. मग ठिणगी जराशी उशिरा पडते आणि ठोके थांबतात. बोल्ट नेमक्या जोरानं आवळलेला पाहिजे. सैल राहिला की सेन्सर बहिरा. तो पाइप बदलताना परशरामनं आडवा येतो म्हणून तो सेन्सर काढला होता. परत बसवताना मापाचा पाना भिंतीवरच राहू दिला होता, कारण त्याच्या हाताला अंदाज होता. अंदाज चुकला तरी कान सांगेल, असा भरवसा होता.

"आनी एक सांगायचं हाय," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "बिघाडबी माझ्याच हातचा हाय."

शेठनं तोंड खिडकीकडे वळवलं.

गॅरेजात परतेपर्यंत सूर्य कलला होता. "आई, रिक्षानं घरला जा, जेवून घे," शेठ म्हणाले. आक्का लोखंडी खुर्चीवर बसल्या त्या बसल्याच. परशराम गाडीखाली शिरला. इंजिन अजून तापलेलं होतं. हात आत घालताना कोपराजवळ चटका बसला. त्यानं बोटं पुढे सरकवली. बोल्ट दोन बोटांनी फिरला. सुट्टा!

त्यानं सेन्सरची बैठक घासून साफ केली, भिंतीवरचा पाना मागून घेतला आणि सावकाश आवळायला लागला. ठरलेला जोर भरल्यावर पान्यानं हाताला खट्ट असा झटका दिला. एवढंच काम होतं. बाहेर येऊन बघतो तर समोरच्या छपरांवरचं ऊन गेलेलं.

"आक्का, तुमचं जेवण..."

"एक उपास घडला म्हणायचा," त्या उठल्या. "तुला ऐकायला दुसरं कोण हाय आत्ता? चल."

संधिप्रकाशात तिसऱ्यांदा घाट. पोती डिकीत, चौथा गिअर, पाय पूर्ण दाबलेला. मघाच्या वळणावर परशरामचा उजवा खांदा आपोआप ताठ झाला. एक थाप पडली. दुसरी येते का? वळण संपलं, पुढचा चढ लागला, ट्रक मागे पडला, फाटाही मागे गेला.

"आक्का? झोपलासा का?"

"झोपते कशाला! ऐकतीया की. एकदा बोलली नि गप्प झाली."

परशरामच्या डोळ्यांत पाणी आलं आणि शेठनं ते पाहिलं. "पहाटे पाचला निघतोय," शेठ बाहेर बघत म्हणाले. त्यांचा राग गेला नव्हता, पण गाडी न्यायची ठरली होती.

गॅरेजपाशी मारुतीराव आपली जुनी गाडी चालू ठेवून वाट बघत उभे होते. साखर कारखान्यात कामाला असलेला हा माणूस दर महिन्याला यायचा आणि परशरामच्या कानाची कीर्ती पुढे महिनाभर कारखान्यात सांगायचा. शेजारी पानवाला होता, आणखी दोघेतिघे होते. "आला बघा आमचा डाक्टर!" मारुतीराव ओरडले. "अण्णा, जरा कान लावा. कायतरी बारीक आवाज येतोय."

परशराम बोनेटपाशी गेला. सवयीनं डोळे मिटले, मान उजवीकडे कलली. सगळे गप्प झाले. शेठ आणि आक्का गाडीपाशीच थांबले होते.

परशरामनं मान सरळ केली आणि डोळे उघडले.

"मारुतीराव, बारीक आवाज मला ऐकू येत न्हाय आता. कान गेलाय. तुमी शेजारी बसा, आवाज आला की माझ्या खांद्यावर थापटा."

मारुतीराव मोठ्यानं हसले. पानवालाही हसला. मग मारुतीरावांचं लक्ष पद्मावतीआक्कांकडे गेलं, त्या हसत नव्हत्या, आणि त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली, मग विचार बदलून ती पुन्हा बाहेर काढली, परशरामच्या हातात दिली आणि डावीकडचं दार उघडून आत बसले.