खालाची ज़िद

दवाखान्याचा नियमच होता: नातेवाइकांनी दुभाष्याचं काम करायचं नाही. माणसं आपल्या माणसाच्या तोंडी स्वतःला हवं ते घालतात. म्हणून शिवणकाम करणाऱ्या खालाशी उर्दूतून बोलायला डॉक्टरांनी दुभाषीबाईंना बोलावलं. त्यांचा त्या दिवसातला हा अकरावा पेशंट. खालाची लेक खाटेच्या पायाशी उभी होती.

"ऑपरेशनला तयार आहेत का, विचारा. धोका मोठा आहे, हेही सांगा," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी सगळं नीट सांगितलं. खाला हसली. सुईनं खरबरीत झालेलं बोट लेकीकडे करून म्हणाली, "ये चाहती है. मगर मेरी भी ज़िद है."

"मुलीची इच्छा आहे," बाई म्हणाल्या, "आणि त्यांची स्वतःचीही जिद्द आहे."

"वा! असा पेशंट हवा," म्हणत डॉक्टरांनी कागद पुढे केला. खालानं तो नकाराचा समजून झोकात सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रेचर निघाला. गुंगीच्या इंजेक्शनानं खालाचे डोळे मिटत होते. तिनं बाईंचं मनगट धरलं. "बता दिया ना?"

"जी," बाई सवयीनं म्हणाल्या.

खाला परत आली नाही.

जिना उतरताना बाईंनी खालाचं वाक्य पुन्हा मनात म्हटलं. उर्दूतली ज़िद म्हणजे हट्ट, समोरच्याच्या उलट अडून बसणं. ही हो म्हणते, पण मी हटणार नाही, असं खाला सांगत होती. तोच शब्द मराठीत आला की सत्कारात मिरवतो. हे बाईंना शाळेपासून ठाऊक होतं. मग तो 'मगर' गिळला कुणी? थकव्यानं, की त्या लेकीच्या चेहऱ्यानं?

त्यानंतर भर दुपारी, उजेडात, तोंड उघडलं की मनगटावर खरबरीत बोट टेकायचं. बाई अडखळायच्या, प्रत्येक शब्द तीनदा तोलायच्या. घरीसुद्धा.

"अगं, चहा घेणार का विचारलं," नवरा म्हणाला, "साक्ष नाही काढली तुझी!"

बाईंना हसू आलं नाही.

चार महिन्यांनी लेक खालाचे रिपोर्ट न्यायला आली. बाईंनी तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. शिव्या ऐकायची तयारी ठेवूनच.

लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, मला दोन्ही भाषा येतात. तुम्ही 'जिद्द' म्हणालात तेव्हाच कळलं होतं मला. बोलले नाही. अम्मी हवी होती मला."

 बाईंनी हळूच विचारलं, "तुझ्याकडेही येते का गं ती?"

"दुपारी मशीन चालतं तिचं. पट्टा काढून ठेवलाय मी, तरी."

दोघी उठल्या आणि डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. आधी बाई बोलल्या, मग लेक. डॉक्टरांनी मध्ये एकदाच थांबवून त्या शब्दाचा अर्थ पुन्हा विचारला. मग फाइल मागवली, पान उलटून ती सही काढली. सुबक, ठसठशीत सही. अक्षरांखाली एक लांब रेघ ओढलेली, कापड फाडावं तशी सरळ.

"आता हिचं काय करायचं?" ते म्हणाले.

 पंखा बंद होता, खिडकीही. तरी ते पान हळूहळू उलटलं, आणि तिघांपैकी कुणीही ते धरायला हात पुढे केला नाही.