धुवायचं नाही असं अभयवस्त्र

सभागृहातले दिवे मालवले आणि दोनशे माणसांनी श्वास रोखला. शीतलबाबांनी पांढरं कापड मेणबत्तीवर धरलं. ज्योत चाटत राहिली, कापड काळवंडलं, पण पेटलं म्हणून नाही.

"अग्नीला कळतं बरं का, कोणाला शिवायचं ते," बाबा गोड आवाजात म्हणाले. "हे अभयवस्त्र अंगावर असलं की जाळ तुमच्या वाटेला जाणार नाही. पथ्य एकच. धुवायचं नाही. धुतलं की वस्त्र रुसतं."

"वा, साबणही वाचला," काकू मागच्या रांगेत पुटपुटली. शेजारी बसलेल्या घरमालकीण मावशींनी तिला कोपराने ढोसलं.

काकू अडतीस वर्षांची, गृहविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला. हे नाव वर्गातल्या पोरींनी ठेवलं होतं. डबा खायला मात्र तिला कोणी बोलावत नसे. नवरा गेल्यावर तिने राहिलेलं शिक्षण पुन्हा धरलं, तेव्हा भाऊ म्हणाला होता, "घर चालवायची पदवी? आणि घर कुठाय तुझं?" मावशींच्या मागच्या खोलीत ती भाड्याने राहायची. "जेवलीस का गं?" असं विचारणाऱ्या जगात त्या एकट्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी सभेत मिळालेलं अभयवस्त्र पांघरून गॅसपाशी उभ्या होत्या. एक टोक जाळावर लोंबत होतं.

"मावशी, टोक आवरा."

"काही होत नाही. काल बघितलंस ना डोळ्यांनी?"

काकूने टोक हातात घेतलं. कापड सुतीच, पण पुठ्ठ्यासारखं ताठ. घडीतली पांढरी भुकटी बोटांना लागली.

"विभूती आहे ती," मावशी म्हणाल्या.

काकूचे कान गरम झाले. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत तिने कापडाचा नमुना न धुताच चिमट्यात धरून जाळला होता. तो पेटेना, तेव्हा ऐटीत लिहिलं, 'सुती नाही'. बाईंनी वही वर्गभर दाखवली. "तुम्ही कापड नाही तपासलंत, त्याला लावलेलं औषध तपासलंत. आधी धुवायचं, मग जाळायचं." पोरी पोट धरून हसल्या होत्या.

आता बोलावं का? मावशी रुसल्या तर बोलायला भिंतीच उरणार. ती कॉलेजला निघाली. चपला घालताना मागे गॅसचा दुसरा बर्नर भप्पकन पेटल्याचं ऐकलं आणि परत फिरली.

"मावशी, त्याचे दोन बोटभर तुकडे द्या. राग आला तर संध्याकाळी खोली सोडते."

मावशींनी कापडाचं टोक पुढे केलं. मग कात्री दिली.

एक तुकडा काकूने गरम पाण्यात खळखळून धुतला, इस्त्रीने सुकवला. न धुतलेला आधी जाळावर धरला; तो नुसता काळा पडला. धुतलेला धरला, तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत राख. मग तिने मावशींच्याच फळीवरचा, झुरळांसाठी आणलेला टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, कोमट पाण्यात विरघळवला, आपल्या जुन्या अभ्र्याची चिंधी त्यात बुडवून सुकवली आणि जाळावर धरली. ती पेटेना.

"घ्या, माझा अभ्राही सिद्धपुरुष झाला," काकू म्हणाली. "एकदा धुतलं की खार पाण्याबरोबर मोरीत. म्हणून ते पथ्य."

मावशींनी खांद्यावरचं कापड उतरवलं. "मी काही कापडासाठी जायला लागले नव्हते गं," त्या हळूच म्हणाल्या. "तिथे शेजारची खुर्ची रिकामी नसते."

पुढच्या सभेत बाबांनी मेणबत्ती पेटवली, तेव्हा मावशी पिशवी घेऊन पुढे गेल्या.

"बाबा, हे तुमचंच. जरा धरून दाखवता?"

कापडाला साबणाचा वास होता. बाबांनी हात मागे घेतला. "धुतलंत? मग रुसणारच ते."

मावशींनी कापडाचं टोक स्वतःच ज्योतीला लावलं. ते भडकलं, तसं त्यांनी ते फरशीवर टाकून चपलेने विझवलं.

"हे पांघरून मी गॅसपाशी उभी राहिले होते," त्या लोकांकडे वळून म्हणाल्या. "श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी. पण घरी जाऊन आपापलं कापड धुवा, मोरीत धरून जाळून बघा, आणि मगच काय मानायचं ते माना. विचारलेल्या प्रश्नावर जे रुसतं, ते अंगावर घेऊ नका."

त्या जागेवर येऊन बसल्या. डावीकडची बाई उठून दुसऱ्या रांगेत गेली. उजव्या खुर्चीवर काकू होती.