आठ सेकंदांपुढचा सूर

लायल बेनेटोने उभा जन्म दुसऱ्याच्या तराजूवर संशय घेण्यात घालवला. वजनमापं खात्यात तीस वर्षं निरीक्षक होता. टास्मानियात होबार्टपासून खालच्या साऱ्या गावांत एकाही खाटकाचा काटा त्याने विश्वासावर सोडला नाही. निवृत्तीनंतर काटे सुटले, संशय मात्र पेन्शनसारखा चालू राहिला. ग्लेनिस ट्रेलोरच्या अंगणात गाडी लावली तेव्हाही खिशात जुनं सरकारी स्टॉपवॉच होतं आणि डोक्यात एकच वाक्य: बाई, तुमचं पितळ आज उघडं पडणार.

'लँटर्न ऑर्चर्ड' हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात तुमचा काही दोष नाही. ह्युऑन नदीच्या खोऱ्यातली पाच पोरं, सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये तालीम करायची. एकेक गाणं वीस मिनिटांचं, मध्येच ताल बदलायचा, मध्येच सगळं थांबून एकटी बासरी वाजायची. घरच्यांना वाटायचं, पोरांना गाणं संपवता येत नाही. 'अ हाऊस फॉर रेन' आणि 'विंटर फेरी' अशा दोन रेकॉर्डी निघाल्या, हजारभर खपल्या आणि बँड मोडला. आज जगात त्यांचे दोनेकशे चाहते असतील. त्यांचा मुख्य पुजारी म्हणजे लायल. त्याच्या कपाटात 'विंटर फेरी'च्या सहा प्रती होत्या आणि सातवी मिळाली तरी त्याने घेतली असती.

कीबोर्ड वाजवणारा कीथ ट्रेलोर गेल्या हिवाळ्यात वारला. आणि महिन्याभरात त्याच्या धाकट्या बहिणीला, या ग्लेनिसला, सफरचंदांच्या खोक्यात एक टेप सापडली. म्हणे १९७७ची. म्हणे तिसरी रेकॉर्ड, कधीच न निघालेली! मेलबर्नच्या एका छोट्या कंपनीचा मालक स्टेफान ती काढायला तयार होता, पण आधी त्याने टेप डबीसकट लायलकडे धाडली आणि फोनवर सांगितलं: "तुम्ही खरी म्हणालात तर काढतो, खोटी म्हणालात तर परत पाठवतो. तिला भेटा आणि चार वाजता फोन करा." थोडक्यात, ग्लेनिसची टेप जगासमोर येणार की ती बाई लबाड ठरणार, हे लायलच्या एका शब्दावर होतं.

आणि लायलला कुठेतरी पाणी मुरताना दिसत होतं. इतकी वर्षं तिसऱ्या रेकॉर्डीचा कुणी उच्चारही केला नव्हता. टेपच्या डबीवर पाचही पोरांची नावं निळ्या शाईत होती आणि खाली सहावी ओळ, 'आवाज: ग्लेनिस ट्रेलोर', काळ्या शाईत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो सूर.

कीथचं वाद्य होतं मेलोट्रॉन. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एकेक तुकडा असतो, त्यावर खऱ्या गायकांचा सूर भरलेला. पट्टी दाबली की तो तुकडा धावतो. आठ सेकंदांत तुकडा संपतो आणि सूर जागच्या जागी मरतो. बोट उचलून पुन्हा दाबल्याशिवाय सुटका नाही. या नव्या टेपवर शेवटच्या गाण्यात एकच सूर, न तुटता, चौदा सेकंद चालत होता. लायलने अकरा वेळा मोजला. आजकालच्या संगणकावर असला सूर संध्याकाळपर्यंत धरता येतो. नकली माल करणारा हुशार होता, पण त्याला आठाचं गणित माहीत नव्हतं.

ग्लेनिसने दार उघडलं. बासष्टीची, काटक, हाताला पीठ लागलेलं.

"या. स्टेफान म्हणाला, तपासणीला माणूस येतोय. बूट काढा, फरशी आत्ताच पुसलीय."

लायलने बूट काढले. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, आणि अशा वेळी माणसाचा रुबाब निम्मा होतो. तरी त्याने सोबत आणलेल्या डबीवरच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही सहावी ओळ कुणी लिहिली?"

"मी."

तो इतक्या सरळ उत्तराला तयार नव्हता. "कधी?"

"कीथला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. दुसरं कोण लिहिणार होतं? चहात दूध?"

"म्हणजे तुम्ही स्वतःचं नाव स्वतःच घुसवलंत."

"दूध घेता की नाही ते सांगा आधी."

दूध घेतलं. स्कोन्स नावाचे छोटे गरम पावही घेतले, सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर, आणि ते उत्तम होते याचा त्याला रागच आला. मग त्याने आठाचं गणित मांडलं, चौदा सेकंद मांडले, घड्याळ टेबलावर मांडलं. ग्लेनिस ऐकत होती. एकदाही मध्ये बोलली नाही, आणि लायलला तेही संशयास्पद वाटलं.

"झालं?" ती म्हणाली. "चला शेडमध्ये. वाद्य आहे अजून. उंदरांपासून वाचवलंय मी, तुमच्या त्या दोनशे जणांनी नाही."

ताडपत्री निघाली. पांढरा रंग पिवळा पडलेला, पण दिवा लागला. पंचेचाळीस वर्षं ज्याच्यावर लिहिलं, ते हाताच्या अंतरावर होतं. त्याला हात लावावासा वाटला आणि धीर झाला नाही.

"कुठली पट्टी?" तिने विचारलं.

"मधल्या 'सी' सुराच्या वरचा 'जी'. खराब पट्टी. 'विंटर फेरी'च्या शेवटच्या गाण्यातही तीच आहे. त्या पट्टीची टेप चुरगळलेली होती, म्हणून सूर चौथ्या सेकंदाला थरथरतो. कीथने स्वतः मला सांगितलंय, फ्रँकलिन गावच्या हॉलमध्ये, कार्यक्रमाच्या मध्यंतरात." हा त्या दोनशे जणांतला वेदवाक्य झालेला सिद्धांत होता आणि लायलचं नाव त्याच्यामुळेच होतं.

"हो, वहीवाले पोरगे तुम्ही. आठवतंय मला. मी शेजारीच ट्रे घेऊन उभी होते. कीथ हसला होता."

तिने पट्टी दाबली. लायलने घड्याळ सुरू केलं. सूर आला, सरळ, सपाट, इस्त्री केल्यासारखा. आठव्या सेकंदाला खट्‌कन मेला.

"आठ!" लायल ओरडलाच. "बघा! मी काय सांगत होतो?"

"बघितलं. थरथर कुठे होती?"

लायलने स्वतः पट्टी दाबली. पुन्हा दाबली. सूर तितकाच सपाट. चुरगळलेली टेप आपोआप नीट होत नसते, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

"आता मोजा," ग्लेनिस म्हणाली.

तिने पट्टी दाबली आणि चौथ्या सेकंदाला तोंड उघडलं. तिचा आवाज त्या सुरात असा शिरला की कुठून आला ते कळलं नाही. फक्त सूर थरथरला. तीच थरथर. बावीस वर्षांच्या लायलने बहिणीच्या खोलीत फरशीवर पडून पहिल्यांदा ऐकलेली, आई गेली त्या आठवड्यात सारखी लावलेली. आठव्या सेकंदाला यंत्र मेलं. सूर चालू राहिला. नऊ. दहा. अकरा. बाराव्याला ग्लेनिसला खोकला आला आणि ती पिंपावर बसली.

"सतराव्या वर्षी चौदा जायचे," ती धापा टाकत म्हणाली. "आता एवढंच."

लायलला घड्याळ थांबवायचं सुचलं नाही.

"वडील चर्चचे, फार कडक. मुलगी पोरांच्या बँडमध्ये गाते कळलं असतं तर वाद्यासकट शेड पेटवली असती. कीथ म्हणाला, या वेळी नको, पुढच्या रेकॉर्डीवर तुझं नाव घालतो. पुढची निघाली नाही. मग त्याला आयुष्यभर सांगायची लाज वाटली आणि मला विचारायची. तुमचे लेख यायचे, तो वाचून बाजूला ठेवायचा. मी उचलून वाचायचे." तिने हात झटकले. "यंत्राचं इतकं कौतुक मी कुठे वाचलं नाही."

चारला पाच कमी होते. लायलने शेडच्या दारात उभं राहून फोन लावला.

"खरी की खोटी?" स्टेफान म्हणाला.

"खरी. सहावी ओळ आहे तशीच छापायची. आणि 'विंटर फेरी' पुन्हा काढशील तेव्हा त्यावरही एक नाव घालायचं. सगळ्यात वर."

"'विंटर फेरी'वर? कुणाचं? आणि त्यात तुमचा तो चुरगळलेल्या टेपवरचा लेख जाणार आहे, छापायला तयार आहे..."

"फाडून टाक."

"लायल, तुम्ही बरे आहात ना?"

लायलने फोन ठेवला. ग्लेनिस ताडपत्रीचं एक टोक धरून थांबली होती. दुसरं टोक त्याने धरलं.

"माफ करा," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी तुम्हालाच ऐकत होतो. मला वाटलं, बिघाड आहे."