पुरिमची अंगठी

एल्दाद झिराडकरशी माझं लग्न ठरलं, तेव्हा त्याच्या आईने, मर्सीआंटीने, मला पोटाशी धरून "आमची मुलगीच ही" म्हटलं होतं. लग्न मोडायला मात्र बाईंनी फोनसुद्धा स्वतः केला नाही. एल्दादने केला, तोही मी हडपसरला ऑफिसात मीटिंगमध्ये असताना. इस्रायलमधल्या अश्दोदचं स्थळ आलंय, मुलीच्या वडिलांचं तिकडे चांगलं बस्तान आहे, नओमी, तू समजून घे. मी समजून घेतलं. माझ्यासारखी समजूतदार मुलगी अख्ख्या पुण्यात सापडायची नाही, हे त्याला पुढे कळलंच.

त्याच रविवारी मर्सीआंटी वाघोलीहून आमच्या रास्ता पेठेतल्या घरी आल्या आणि दिलेल्या वस्तू परत मागायला लागल्या. लग्न मोडलं तर मुलाकडच्या भेटी परत करायच्या, खाल्लं-प्यायलं तेवढं सोडून द्यायचं, असा आम्हा यहुद्यांचा नियम आहे. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पण बाईंनी साड्या एकेक उलगडून उजेडात धरल्या, डाग पडलाय का ते बघायला. पप्पा समोर खाली मान घालून बसले होते. त्यांना तसं बघून माझ्या मस्तकात जी तिडीक गेली, ती काही केल्या उतरेना. शेवटी बोटातली अंगठी काढून मी त्यांच्या तळहातावर ठेवली. सोनं तेच आहे ना, नीट बघून घ्या, म्हटलं. त्यांनी खरंच बघितलं.

ती अंगठी साखरपुड्याची नव्हती, पुरिमची होती. पुरिमला आमची जुनी माणसं होळीचा सण म्हणायची. त्या दिवशी एकमेकांकडे खाण्याचे वाटे पाठवायचे असतात. पण लग्न ठरलेल्या मुलाने सणाची भेट मुलीच्या हातात द्यायची नाही, तिच्या वडिलांकडे पाठवायची. कारण आमच्यात पुरुषाने दोन साक्षीदारांसमोर लग्नाच्या इराद्याने मोलाची वस्तू दिली आणि बाईने ती घेतली, की गाठ पडली. सणाची भेट होती की लग्न होतं, असा घोळ पुढे नको. प्रार्थना चालवणारे एझ्राकाका दरवर्षी हे बजावतात आणि तरुण मंडळी दरवर्षी हसतात.

एल्दादही हसला होता. थोडी घेतलेली होती, पुरिमला चालते. प्रार्थनालयाच्या आवारात सगळ्यांदेखत त्याने अंगठी काढली, माझ्या उजव्या तर्जनीत घातली आणि लग्नात म्हणायचं हिब्रू वाक्य घडाघडा म्हणून टाकलं, की या अंगठीने तू माझी झालीस. लोकांनी टाळ्या पिटल्या. एझ्राकाकांचा चेहरा तेवढा उतरला. मी लाजले. तेव्हा मला तो फार आवडायचा.

अश्दोदवाल्यांना आता एल्दाद अविवाहित असल्याचा इथला दाखला हवा होता. एका शनिवारी प्रार्थना संपल्यावर एझ्राकाकांनी रीतीप्रमाणे विचारलं, कुणाची काही हरकत आहे का. शेजारी बसलेल्या आईने माझं मनगट घट्ट धरलं. गाठ पडली असं ठरलं तर तो सोडचिठ्ठी देईपर्यंत तुलाही दुसरं लग्न करता यायचं नाही, गप्प बस, असं ती पुटपुटली. मी मनगट सोडवून उभी राहिले.

"याने पुरिमला मला अंगठी घातली आहे," मी म्हटलं. "साक्षीदार दोन लागतात ना? इथली निम्मी मंडळी तेव्हा आवारात होती."

मुंबईहून रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, आले. चौकशी झाली. एल्दाद एका संध्याकाळी माझ्या ऑफिसच्या गेटवर येऊन उभा राहिला आणि ती नुसती गंमत होती, एवढंच सांग म्हणाला. गंमत होती हे मलाही ठाऊक होतं. राग त्याचाच होता. अंगठी गंमत, मी गंमत, माझे पप्पा गंमत. मी रिक्षात बसले.

शंका आहे तोवर दाखला नाही, असं रब्बींनी ठरवलं. आधी रीतसर सोडचिठ्ठी द्यायची, आमच्यात तिला गेट म्हणतात. लेखनिकाने ती हाताने लिहिली. आता मी ओंजळ पुढे करायची, एल्दादने कागद तीत टाकायचा, की दोघंही मोकळे. मर्सीआंटी नवी साडी नेसून आल्या होत्या. तिकिटं काढून झाली होती, हे त्यांनी आल्याआल्या चौघांना ऐकवलं.

रब्बी म्हणाले, "हात पुढे कर, बेटा."

मी हात मागे बांधले.

"तुझ्या मनाविरुद्ध मी हे करणार नाही," ते हळूच म्हणाले. "पण मग तूही बांधलेलीच राहशील. कळतंय ना तुला?"

"कळतंय. मला घाई नाही. घाई त्यांना आहे."

"नओमी, तुला हवंय तरी काय?" एल्दादचा आवाज चिरकला.

"काही नको. तुझ्या आईने सगळं मोजून परत नेलं. आता तुझ्या हातून मी काही घेत नाही."

मर्सीआंटी मटकन खुर्चीत बसल्या. अश्दोदची माणसं थांबायची नाहीत हो, असं त्या रब्बींना, मग पप्पांना आणि शेवटी मला सांगत राहिल्या. मला म्हणताना त्यांनी हात जोडले. मी त्यांच्या नव्या साडीकडे बघत राहिले. पलीकडे आई पदरात तोंड घालून रडत होती, ते माझ्यासाठी होतं. एल्दाद कागद पुढे धरून तसाच उभा होता. मला तो आता सोन्यात मढवून दिला तरी नको होता. पण तिथून हलावंसंही वाटत नव्हतं, इतकं बरं वाटत होतं.